खाणीच्या आधीचा माणूस

...पांढरं, चार भोकांचं, एका कडेला टवका उडालेलं बटण. चिमटीत धरलं की गरीब गाईसारखं उभं राहायचं आणि काजाच्या तोंडाशी नेलं की नेमकं निसटायचं. मग आकारामची बोटं तशीच हवेत थरथरत राहायची — बटण अजून आपल्यातच आहे अशा समजुतीत. गळ्याजवळचं बटण त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं. पण हे दुसरं. हे लागायलाच हवं होतं, कारण छाती उघडी टाकून माणूस पानपट्टीवर जाईल, दाढीला जाईल, बायकोला भेटायला जाणार नाही... त्यातून इतक्या वर्षांनी. इतक्या म्हणजे किती, हे त्यानं मुद्दाम मोजलं नव्हतं. मोजलं की आकडा समोर येऊन बसतो आणि चहा मागतो.

आपल्या हातांची खोड त्याला माहीत होती. कुणी बघत असलं की ते जास्त कापत. म्हणून त्यानं आरशाकडे पाठ केली, भिंतीवरच्या पालीकडेही केली, डोळे खिडकीबाहेर लावले — खाली घरमालक गणपतरावांच्या म्हशी, पलीकडे तलावाकडे उतरणारा रस्ता — आणि बोटांना म्हणाला, तुमचं चालू द्या, माझं लक्ष नाही. जरा वेळानं बघतो तर बटण लागलेलं. नव्या नवरीसारखा हात. सगळे उठून गेले की मग जेवणारा. हात तरी माझा म्हणायचा, की...

इथंच तो गेले काही दिवस अडत होता. कुठल्याही वाटेनं निघालं तरी याच धोंड्याशी येऊन ठेच.

सगळं सुरू झालं ते अनुजाच्या फोननं. अनुजा त्याची एकुलती मुलगी, कोल्हापुरातच राजारामपुरीत बँकेत नोकरीला, दोन लेकरांची आई; आठवड्याला एकदा फोन करायची, जेवलात का विचारायची, तो ‘हं’ म्हणायचा, आणि मग दोघं मिळून फोन कधी ठेवायचा याची वाट बघायचे. त्या दिवशी मात्र ती रडत होती. होन्नमाळावरच्या बंद खाणीत कुठल्याशा विद्यापीठाची माणसं आली होती, तिथल्या इमारतींत हातातली यंत्रं घेऊन हिंडली होती, आणि पाराघराच्या — पाऱ्यानं सोनं वेगळं काढायच्या जुन्या इमारतीच्या — दाराशी आल्यावर त्या यंत्रातला आकडा असा धावत सुटला की ती माणसं तोंडाला फडकी बांधून मागं सरली. मग त्यांनी गावात विचारलं, इथं कुणी राहत होतं का? गाव हसलं असेल. राहत होतं का म्हणजे... वॉचमन आकाराम राहत होता की, बायकोसकट, चूल मांडून.

अनुजा डॉक्टरकडे जाऊन आली होती. पाऱ्याच्या वाफेला वास नाही, रंग नाही. उन्हानं, चुलीच्या धगीनं ती सुटते आणि वर्षानुवर्षं छातीत जात राहिली की हात कापतात, झोप उडते, माणूस चिडका होतो. आणि आणखी एक गोष्ट होते, असं डॉक्टर म्हणाले. माणूस लाजरा होतो. चारचौघांत जायला भितो, कुणी बघितलं की कोमेजतो, हळूहळू माणसंच टाळायला लागतो.

“बाबा, ते तुम्ही नव्हता,” अनुजा म्हणाली. “तो पारा होता.”

मग मी कुठं होतो? — हा प्रश्न त्याला तिथल्या तिथं सुचला होता. त्यानं तो अर्थातच विचारला नाही. तो ‘हं’ म्हणाला.

पुढचं अनुजानं एका दमात सांगितलं. आईला कळवलंय. आई गडहिंग्लजहून येतेय. डॉक्टरांनी येत्या शनिवारी दुपारी बोलावलंय दोघांना. खाण सोडून इतका काळ गेला की आता रक्तात-लघवीत काही सापडेलच असं नाही, तेव्हा सगळं तुमच्या सांगण्यावर आहे. ते एवढंच विचारतील, की खाणीवर जायच्या आधी हा माणूस कसा होता. आणि आई म्हणालीय — इथं अनुजाचा आवाज बारीक, शाळेतल्या पोरीसारखा झाला — आई म्हणालीय की तसंच असेल तर मागची खोली रिकामीच आहे, यावं त्यांनी गडहिंग्लजला.

तसंच असेल तर.

जिना उतरताना त्यानं नेहमीप्रमाणे कान पुढं पाठवले. गणपतराव गोठ्यात असले तर मागच्या बोळानं जायचं, गोठ्यात नसले तर पुढच्या. माणूस वाईट नव्हता. उलट इतका चांगला होता की त्याच्या चांगुलपणाचा आवाज चौकापर्यंत जायचा. पण आज कानांनी दगा दिला. गणपतराव जिन्याच्या तोंडाशीच बादली घेऊन उभे, आणि धुतलेल्या शर्टाकडे, पायातल्या नव्या चपलांकडे बघत त्यांनी सगळ्या गल्लीला कळवलं, “काय पावणं, आज कुणाच्या लग्नाला निघालासा? का सोत्ताच्याच?”

पावणं. वर राहायला येऊन एवढी वर्षं झाली, त्यांच्या म्हशींच्या चार पिढ्यांची नावं त्याला पाठ झाली, पण गणपतरावांनी त्याला अजून पाहुणाच ठेवलं होतं. त्यांची चूक नव्हती. घरातला करून घ्यायला माणसानं निदान एकदा तरी बसायला लागतं. तो कधी बसलाच नव्हता.

कानांच्या पाळ्या तापल्या. मान खाली घालून तो काहीतरी पुटपुटला, जे व्हय आणि न्हाय या दोन्हींच्या मधलं होतं, आणि गल्ली ओलांडून बस येते तिथं जाऊन विजेच्या खांबाच्या सावलीत उभा राहिला. ही एवढीशी सावली, पण तिच्यात मावायची कला त्यानं कमावली होती. आणि आता म्हणे ती कला नव्हतीच. रोग होता.

केएमटीच्या बसमध्ये त्याला मागची खिडकी मिळाली. पुढच्या बाकावर दोघं एक घास दोघांत वाटून खाणाऱ्यांसारखे एका मोबाइलमध्ये बघत हसत होते. बस हलली, आणि त्याच्या मनात, बस हलली की नेहमी हलायचा तसा, तो दुसरा आकाराम हलला. खाणीच्या आधीचा.

आता हा दुसरा आकाराम म्हणजे कोण होता, हे गडहिंग्लजच्या त्या काळच्या बोर्डिंगातल्या कुणालाही विचारावं — म्हणजे कुणी उरलं असेल तर. थापाड्या आकाराम. संध्याकाळी विहिरीच्या काठावर पोरं गोळा व्हायची, आणि हा मधल्या दगडावर उकिडवा बसून सुरू करायचा की, आमच्या मामाच्या गावात एका साली ऊस असा काही वाढला की तोडायला आलेली टोळी बुडख्यापासून तोडत निघाली ती शेंड्याला पोचेपर्यंत दिवाळी होऊन गेली. आणि शेंडा बघतात तर तो सीमेपलीकडं, कर्नाटकात! मग बुडखा इकडच्या कारखान्याचा आणि शेंडा तिकडच्याचा, यावरून दोन सरकारांत जे पेटलं ते अजून कोर्टात आहे, आणि तेवढ्यात मामानं मधल्या उसाचा गूळ करून खाल्ला. पोरं गडबडा लोळायची. बाजाराच्या दिवशी चहावाला त्याला फुकट बसवून घ्यायचा, गिऱ्हाईक थांबतं म्हणून.

हा तो माणूस. लग्न झाल्यावर नोकरी लागली ती होन्नमाळावर, बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीवर, रखवालदाराची. मुलूख कानडी, होन्नु म्हणजे सोनं. सोनं कधीच संपलेलं, उरलेले पत्रे, लोखंड आणि दगडी इमारती सांभाळायला कंपनीला माणूस हवा होता. पहिल्याच वावटळीत क्वार्टरची कौलं उडाली, म्हणून दोघं पाराघरात राहायला गेली. जाडजूड भिंती, एकच खिडकी, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. खाण चालू होती तेव्हा दगडाचा भुगा करून तो पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडत. सोन्याचे कण पाऱ्याला चिकटत, मग तो गोळा भट्टीत तापवला की पारा उडून जाई आणि सोनं राही. उडून जाई म्हणजे कुठं जाई, हे त्या काळी कुणी विचारलं नव्हतं. फार लांब गेला नव्हता. फरशीच्या फटींत, भिंतीच्या दरजांत, पत्र्याखालच्या वाशांत निवांत बसून होता, संसार थाटायला येणाऱ्यांची वाट बघत.

संयोगितानं — बापानं मोठ्या हौसेनं राजवाड्यातलं नाव ठेवलं आणि दिली रखवालदाराला — शेणानं फरशी सारवली, कोपऱ्यात चूल घातली. चूल तापली की फटींतून मोहरीएवढे चकचकीत थेंब वर यायचे. तिला त्याचं केवढं कौतुक! धान्याला कीड लागू नये म्हणून दुकानात पाऱ्याच्या गोळ्या मिळतात, आई त्या पैसे मोजून आणायची; आणि इथं देवानं घरबसल्या द्यावा? कागदाच्या कपट्यानं ते थेंब ती गोळा करायची, कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवायची, राखेत खलून ज्वारीला चोळायची. पाखरू फिरकलं नाही कधी त्या ज्वारीत. आपली बायको किती काटकसरीची म्हणून तो त्या करंड्याकडे अभिमानानं बघायचा.

ती सकाळी गावातल्या बालवाडीत शिकवायला जायची, संध्याकाळी यायची. तो रात्री खाणीभोवती फेऱ्या मारायचा आणि दिवसा खिडकी-दार लावून, फरशी गार लागते म्हणून उघड्या फरशीवर पालथा झोपायचा. फटीला नाक लावून. उन्हाळ्यात वर पत्रा रणरणत असायचा.

...त्या काळात एकदा त्यानं बाजारात खरी गोष्ट सांगितली होती. की पाऱ्यात घोड्याचा लोखंडी नाल टाकला तर तो बुडत नाही, तरंगतो. मी स्वतः टाकून बघितलाय. लोक इतके हसले की चहावाल्याच्या कपबशा हलल्या. त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यांत गाजलेली थाप. आणि बहुतेक शेवटची.

कारण मग आवाज कमी कमी होत गेला. बाजाराला जायचा कंटाळा यायला लागला. मग कंटाळा नाही, भीती. मग भीतीचीच लाज. माणूस समोरून आला की तोंडातले शब्द दाताच्या मागं लपायचे. भाकरी जरा करपली तर ताट भिंतीवर, आणि मग दोन दिवस त्या भाकरीचंच तोंड बघायला नको म्हणून उपास. बेंदराच्या सणाला मेहुणा उदयसिंह बहिणीला न्यायला आला, दाजी कुठं हाईत, दाजी कुठं हाईत करत सगळ्या माळावर हिंडला, आणि दाजी दगड फोडायच्या मोडक्या यंत्रामागं, गंजक्या चाकाला पाठ लावून बसून राहिले, बैलांची मिरवणूक निघाली, पांगली, दिवेलागण झाली, तरी. बाहेर पडायचं होतं त्याला. मेहुणा आवडायचा. पाय उठले नाहीत. पोरगी तर शाळेसाठी कोल्हापुरात आत्याकडं ठेवलेली. ती सुट्टीत आली की तिच्यासमोरसुद्धा...

तो पारा होता.

किती सोपं. किती सुटसुटीत वाक्य. गणपतरावांना सांगता येईल, मेहुण्याला सांगता येईल. ते ऐकून पहिली रात्र त्याला इतकी हलकी गेली होती की उठून त्यानं खोलीभर उगाच दोन फेऱ्या मारल्या. मी चोर नाही, चोर दुसराच, आणि त्याला पकडायला यंत्र घेऊन माणसं गेलीत. एकदा खाणीवरून तो महिनाभर बहिणीकडं आला होता, आजारपणात, तेव्हा झोप लागायला लागली होती की नाही? रंकाळ्यावर कुणाच्या तरी विनोदावर तो हसलाही होता. पुराव्याला पुरावा.

पण दुसऱ्या दिवशी, दूध तापवताना, विहिरीचा काठ आठवला. काठ नव्हे, काठाच्या पलीकडचं. पोरं हसून हसून पांगल्यावर थापाड्या आकाराम कुठं जायचा? बोर्डिंगाच्या मागं, चुलीच्या लाकडांचा ढीग होता तिथं. गुडघे लटलट कापत असायचे, काखा घामानं भिजलेल्या, आणि लाकडात तोंड खुपसून तो श्वास जागेवर यायची वाट बघायचा. हे कुणी बघितलं नव्हतं. चाळीस पोरांसमोर बोलणं सोपं. चाळीस पोरं म्हणजे कुणीच नव्हे. एकटा मित्र जवळ बसला आणि त्यानं साधं विचारलं की, आक्या, घरी बरं आहे ना रे — की तोंड बंद. किंवा लगेच मामाचा ऊस. तो ऊस एवढा उंच का वाढायचा, तर त्याच्या आड एक माणूस उभा राहावा म्हणून.

मग पारा कुठून सुरू झाला? फरशीच्या फटीतून, की त्याही आधी, लाकडाच्या ढिगापासून? कसा होता खाणीच्या आधीचा माणूस? बोर्डिंगातली पोरं साक्ष देतील एकाची, ढीग साक्ष देईल दुसऱ्याची... आणि डॉक्टर विचारणार तिसऱ्यालाच. ज्याचा धंदाच थापांचा.

व्हय म्हण, पाराच होता. म्हणायला काय जातं? एक शब्द. मागची खोली मिळते, सकाळी कुणाच्या तरी हातचा चहा मिळतो, मरताना कुणीतरी नाव घेऊन हाक मारतं. ‘पावणं’ म्हणून नाही. आणि न्हाय म्हटलास तर? तर मग ती वर्षं तुझीच. दाराआडचा तो, चाकामागचा तो, आणि ती ‘येते’ म्हणाली तेव्हा आतून ‘हं’ म्हणणाराही तोच.

भांडण झालंच नव्हतं. तेच तर. भांडण असतं तर आठवायला शब्द असते. तिला गडहिंग्लजकडं अंगणवाडीत जागा मिळाली. आधी आठवड्याला येऊन-जाऊन होती, मग पंधरवड्याला, मग सणाला. एका सकाळी उंबऱ्यात पिशवी घेऊन उभी राहिली — जरा जास्तच वेळ उभी राहिली — आणि म्हणाली, येते. तो आत फरशीवर, भिंतीकडं तोंड करून. हं. नंतर कंपनीनं रखवालीही बंद केली, अनुजानं कळंब्याची खोली बघून दिली, गुळाच्या गोदामावर रात्रपाळी मिळाली, तीही सुटली. एका ‘हं’वर इतकी वर्षं तगली. चांगल्या बिडाच्या तव्यासारखी असावीत.

स्टँडवर गडहिंग्लजची गाडी लागलेली होती. उतरणाऱ्या माणसांत त्यानं तिला शोधलं आणि ती दिसली नाही, कारण तो काळ्या केसांची शोधत होता. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्याला आधी चष्मा दिसला, मग कापडी पिशवी, मग ती.

“आलासा व्हय लवकर?” ती म्हणाली. जणू काल बाजारात चुकामूक झाली होती.

“हं.”

अजून वेळ होता, म्हणून दोघं फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर बसली. मधे पिशवी. ती अनुजाच्या लेकरांविषयी बोलली, उदयसिंहाच्या गुडघ्यांविषयी, यंदा पावसानं कशी ओढ दिलीय याविषयी. त्याच्या हातांकडं तिनं एकदा बघितलं, आणि हात पेटलेच एकदम. मांडीखाली घालून बसावं लागलं. तिनं तोंड फिरवून गाड्यांकडं बघितलं. समजून फिरवलं की सहज, कळलं नाही. पण हात जरा निवले.

मग ती विषयावर आली. डॉक्टर आधीचं विचारणार. ते मी काही सांगू शकत नाही, असं तिचं म्हणणं.

“तू सांगायचंस की,” तो म्हणाला. एवढं लांब वाक्य बोलल्याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

“मी काय सांगू? लगीन झालं आन् चार-दोन म्हैन्यांत माळावर गेलो आपण. आधीचा माणूस मी बघितलाय कुठं?” ती थांबली. “तेवढ्यात हसवलासा मात्र लई. आत्याबाईंच्या म्हशीला चष्मा लावल्याची गोष्ट. ते आठवतंय मला. पण त्येवढ्यावर डॉक्टर काय लिहून घील?”

चष्म्याची गोष्ट त्याला आठवत नव्हती. एवढ्या थापांत हरवली असेल. म्हणजे ती हिच्याकडं राहिली होती, इतका काळ, ज्वारीतल्या राखेसारखी... आणि ती त्यानं सांगितली होती ती एकटीला. समोर चाळीस पोरं नसताना. ढीग एक म्हणत होता, म्हैस दुसरं. त्यानं पुरावे परत मांडायला घेतले, हा इकडं, हा तिकडं, आणि ओठांशी आणलं होतं सगळं — लाकडांचं, गुडघ्यांचं — सांगून टाकू, निदान हिला खरं कळू दे, मग नेऊ दे नाहीतर सोडू दे —

“पारा असला तर बरं हुईल,” ती मधेच म्हणाली, गाड्यांकडंच बघत.

“माझं?”

“न्हाय. माझं.”

कुठली तरी गाडी मागं सरत होती, कंडक्टर शिट्टी मारत होता. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

“मला वाटायचं, माझ्यावर मनच न्हाय तुमचं,” ती म्हणाली. “घरात माणूस असून भिंतीकडं तोंड. मी काय कमी केलं, ह्ये सोधत बसायची मी. बोलणं लागलं का कुठलं, रंग आवडंना का, पोरगी झाली म्हणून का. भावानं इचारलं, काय झालं ग? काय सांगायचं? म्हणून गेले. आन् गेल्यावर बी सोधतच हुते. आता अनुजा म्हणती, पारा. मग वाटलं, बघावं. एकदा कुणीतरी डिगरीवाल्यानं सांगू दे, की बाई, तुझं काय न्हवतं त्यात.”

आकारामनं तिच्याकडं बघितलं नाही. बघता आलं नाही. इतके दिवस त्यानं मनात कोर्ट भरवलं होतं, आणि त्या कोर्टात आरोपी दोनच होते: एक तो, एक पारा. दोघांच्या उलटतपासण्या, दोघांचे साक्षीदार, रात्र-रात्र चाललेले. आणि मागच्या बाकावर, कुणी समन्स न काढता, ही बाई येऊन बसलेली होती, वीस वर्षं — हो, वीस, बस रे आकड्या आता समोर, घे चहा — स्वतःच गुन्हा कबूल करून, फक्त कुठला गुन्हा, तेवढंच तिला कळत नव्हतं. आणि ही गोष्ट त्याला एकदाही सुचली नव्हती. ज्याला दोन सरकारांना भांडायला लावणारा ऊस सुचतो, त्याला.

लाकडाचा ढीग तोंडातच राहिला. तो आता सांगितला तर तो कुणाच्या डोक्यावर कोसळेल ते दिसत होतं. आणि न सांगितला तर... ते खोटं होईल का? खरंखोटं ठरवायला आधीचा माणूस सापडायला हवा, आणि त्याला तर दोघांनीही नीट बघितलेलं नव्हतं.

“चला,” ती म्हणाली. “पोरगी वाट बघंल.”

रिक्षात ती उजवीकडं बसली, तो डावीकडं, मधे पिशवी. दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लागला. डॉक्टर विचारणार, आणि तो काय सांगणार, हे अजून त्याला माहीत नव्हतं. त्यानं ते शोधूनही बघितलं, जीभ दातांवरून फिरवावी तसं, पण तिथं उत्तर नव्हतं. नेहमीची भीती होती, जागच्या जागी. मात्र त्या भीतीच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन उभं होतं, अनोळखी.

बारीक आवाज होता एक. त्याला आधी वाटलं रिक्षाचाच. मग त्यानं बघितलं. संयोगिताचे ओठ हलत होते. बाहेर बघत ती पाट्या वाचत होती, एकेक, कुजबुजत: महालक्ष्मी स्टील सेंटर... पाटील सायकल मार्ट... येथे पिठाची गिरणी मिळेल, भाड्याने... शब्द संपला की जरा मान हलवायची, कुणीतरी तिला काही सांगितलं आणि तिला ते पटलं, अशी. हे केव्हापासून? माळावर तर नव्हतं. माळावर वाचायला पाट्या नव्हत्या, पण तेव्हा तिच्या तोंडी गाणी असायची, असायची ना? मग हे कुठल्या साली लागलं, कुठल्या रिकाम्या संध्याकाळी, कुठल्या गाडीच्या खिडकीत? तिकडच्या घरात ती रात्री काय वाचते, भिंतीवर तर पाट्या नसतात...

पारा हिला लागला नाही, डॉक्टर म्हणतील. ही दिवसभर बाहेर असायची.

सिग्नल सुटला. वाऱ्यानं तिचा आवाज पार विरून गेला, ओठ मात्र चालूच राहिले, आणि आकारामला एकाएकी ते ऐकू न येणं सोसवेना. आपण कसे होतो, हे त्या क्षणाला त्याला विचारलं असतं तर कुणाबद्दल विचारता असंच तो म्हणाला असता. मांडीखालचा हात त्यानं बाहेर काढला, पिशवीवर ठेवला, आणि तिच्याकडं कलला.

“काय म्हणालीस?”

ती दचकली, चोरी पकडल्यासारखी. “काय न्हाय.”

“न्हाय,” तो म्हणाला, “काहीतरी म्हणालीस तू,” आणि हात त्या कापडी पिशवीवर थडथडत होता, उघड्यावर, तिच्या डोळ्यांसमोर, आणि तो उत्तराची वाट बघत तसाच कललेला राहिला.